भाकरीतील तेल : एका जुन्या वादाचा बोध

जैतुनाच्या तेलात पीठ मळून भाकर भाजण्याची रीत पवित्र शास्त्राच्या देशात फार प्राचीन आहे. तेलामुळे भाकर मऊ राहते व लवकर शिळी होत नाही. सारफथच्या विधवेपाशी मूठभर पीठ व थोडे तेल एवढेच उरले होते (१ राजे १७). हीच घरची भाकर लेवीयाच्या दुसऱ्या अध्यायात वेदीपाशी पोहोचते. अन्नार्पणाच्या सपिठात तेल व मीठ असावे, खमीर मात्र नसावे, असा तेथे नियम आहे. दरिद्री माणसाच्या पापार्पणाच्या पिठावर मात्र तेल घालावयाचे नव्हते (लेवीय ५:११). तेल हे हर्षाचे चिन्ह होते, असे यावरून आम्हांस वाटते.

पुढे सुरियानी मंडळ्यांनी प्रभुभोजनाच्या भाकरीत खमिराबरोबर मीठ व तेलही घातले. अकराव्या शतकात अलेक्झांड्रियाचे कुलपिता ख्रिस्तोदुलस यांनी या प्रथेस आक्षेप घेतला. अंत्युखियाचे सुरियानी कुलपिता योहान बार शुशान यांनी पत्र लिहून तिचे समर्थन केले. ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी या दोन्ही मंडळ्या एकमताच्या होत्या, तरीही तेल व मीठ यांवरून त्यांच्यात वितुष्ट आले. त्याच शतकात, इ. स. १०५४ च्या सुमारास, रोम व कॉन्स्टँटिनोपल यांच्या कलहात खमीर हा एक मुद्दा होता.

हा इतिहास आपल्यापासून दूर नाही. केरळातील थोमा ख्रिस्ती पूर्वी तेल व मीठ घातलेल्या भाकरी वापरीत, अशी नोंद आंतोनियू द गौव्हेआ यांच्या १६०६ साली छापलेल्या ग्रंथात आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज प्रभावाने तेथे लॅटिन रीत शिरली. इ. स. १५९९ च्या उदयंपेरूर येथील धर्मसभेने त्या मंडळीच्या उपासनेला अधिकच लॅटिन वळण दिले. त्या सभेचे अध्यक्ष होते गोव्याचे आर्चबिशप आलेइशू द मेनेझिस.

लॅटिन विधीत आज निव्वळ गव्हाची बेखमीर भाकर विहित आहे, आणि पूर्वेच्या मंडळीत अद्याप तेल मिसळले जाते. प्रत्येकाने आपल्या विधीचा नियम निष्ठेने पाळावा, हे योग्यच होय. परंतु दुसऱ्याच्या भाकरीला अशुद्ध म्हणण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. धर्मशिक्षकांनी प्रभुभोजनाचा पाठ देताना हा भेद अवश्य सांगावा. भाकर मळण्याच्या रीती अनेक असल्या, तरी ती मोडून देणारा प्रभू एकच आहे.