म्हाताऱ्याचा मासा नोंदवहीत का नाही?

आमच्या जालन्याकडे मासा म्हणजे अंबड-घनसावंगीकडून येणारा गोदावरीचा. खोल समुद्र मला दाखवला तो पु. लं.नी. हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'चा त्यांनी 'एका कोळियाने' हा अनुवाद केला, 1965 साली. वर्गात ही गोष्ट सांगितली की एखादं पोरगं हमखास विचारायचं, "सर, एवढा मासा खरंच असतो का हो?" तेव्हा नीट सांगता आलं नाही. आज सांगतो.

असतो! मार्लिन त्याचं नाव, वरचा जबडा भाल्यासारखा टोकदार. सान्तियागो आपला मासा पंधराशे पौंडांच्या वर धरतो, म्हणजे 680 किलोपेक्षा जास्त. पुस्तक आलं 1952 साली. पुढच्याच वर्षी, 4 ऑगस्ट 1953 ला, आल्फ्रेड ग्लासेल या अमेरिकन तेल-उद्योजकाने पेरूच्या काबो ब्लांकोजवळ 1560 पौंडांचा (सुमारे 708 किलो) काळा मार्लिन गळाने पकडला. तो विक्रम अजून कायम आहे. 1958 च्या सिनेमात पाण्याबाहेर उसळणारा मासा दिसतो ना, तो ग्लासेलचाच.

आता गंमत बघा. म्हाताऱ्याने हातात नुसती दोरी धरून दोन दिवस झुंज दिली. ग्लासेलकडे मोटरबोट, काठी आणि दोरी गुंडाळायचं चाक. त्याला पावणेदोन तास लागले. या शौकाचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना 1939 साली स्थापन झाली. हेमिंग्वे तिचा उपाध्यक्ष होता. तिच्या नियमांप्रमाणे मासा काठी आणि चाकानेच पकडायला हवा, आणि बोटीवर घेण्याआधी शार्कने लचका तोडला तर तो बाद. झेन ग्रे या लेखकाने 1930 साली ताहितीजवळ 1040 पौंडांचा मार्लिन पकडला, तोही शार्कने खाल्लेलाच होता.

म्हणजे सान्तियागो दोन्हीकडून नापास!

नियम चुकीचा नाही. जखमी मासा पुरता झुंजत नाही, मग ती बरोबरीची लढत कशी म्हणायची? पण शौकिनाचा जातो तो विक्रम. कोळ्याचं काय जातं? सान्तियागो मनातल्या मनात पौंडाला तीस सेंट असा हिशोब मांडत होता. शार्कने खाल्लं ते त्याचं पोट होतं.

आणि ही निव्वळ कल्पना नव्हे. 1936 साली हेमिंग्वेने एका मासिकात क्यूबातल्या एका म्हाताऱ्या कोळ्याची हकीगत लिहिली होती. मार्लिनने त्याला दूर समुद्रात ओढत नेलं. शार्कनी मासा संपवत आणला. इतर कोळ्यांना तो सापडला तेव्हा होडीत बसून रडत होता. त्याचं नावही हेमिंग्वेने दिलेलं नाही.

ग्लासेलचं नाव, तारीख, वजन सगळं नोंदलेलं आहे. त्या कोळ्याचं काहीच नाही. पण आमच्या जालन्यातल्या पोरांना डोळ्यांत पाणी आलं ते त्याच्यासाठी. असो.