उडत्या विमानातील गुरुत्वमापन
पृथ्वीचे गुरुत्व सर्वत्र सारखे नसते. भूगर्भात जड खडक असेल तेथे ते किंचित वाढते, हलका गाळ किंवा मिठाचा थर असेल तेथे घटते, आणि हा फरक मिलिगॅल या एककात, म्हणजे एकूण गुरुत्वाच्या सुमारे दहा लाखाव्या भागात, मोजला जातो. लूशन लाकॉस्ट यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत घडवलेल्या खास स्प्रिंगमुळे स्थिर जमिनीवर इतके सूक्ष्म मापन शक्य झाले होते. विमानात मात्र अडचण मूलभूत होती, कारण वाऱ्याने विमान वरखाली होताना निर्माण होणारे त्वरण आणि गुरुत्व यांतला भेद कोणत्याही स्प्रिंगला कळूच शकत नाही. १९२३ मध्ये डच शास्त्रज्ञ व्हेनिंग मायनेस यांनी पाणबुडीतून लाटांखालच्या शांत पाण्यात जाऊन सागरी गुरुत्व मोजले. आकाशात तसा आसरा नव्हता.

याहून मोठा अडथळा वेगाचा होता. पूर्वेकडे जाणाऱ्या वस्तूचा वेग पृथ्वीच्या परिवलनात मिळतो, अपकेंद्री परिणाम वाढतो आणि तिचे वजन घटते, हे हंगेरीचे लोरांड एट्व्हश यांनी जहाजांवरील नोंदींतून ओळखले आणि १९०८ मध्ये काळ्या समुद्रात त्याची खात्री करून घेण्यात आली. विषुववृत्तावर ताशी ४०० किलोमीटर वेगाने पूर्वेला उडणाऱ्या विमानात ही घट सुमारे १,८०० मिलिगॅल भरते, आणि वेग मोजण्यात ताशी एका किलोमीटरची चूक झाली तरी सुमारे पाच मिलिगॅलचा फरक पडतो. खनिजशोधकाला हवी असलेली खूण पुष्कळदा त्याहून मोठी नसते.

त्यामुळे १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स हवाई तळावर लाकॉस्ट यांचा गुरुत्वमापक विमानातून नेला गेला, तेव्हा खरी कसोटी स्प्रिंगपेक्षा विमानाच्या स्थानाची आणि वेगाची होती. मोठ्या प्रदेशातील ठळक फरक हवेतून टिपता येतात हे या उड्डाणांनी दाखवले. परंतु अचूकता दहा मिलिगॅलच्या आसपासच राहिली आणि पुढची सुमारे तीन दशके ही विद्या रेंगाळली. तिचा उद्धार गुरुत्वमापकाने नव्हे, तर उपग्रहांनी केला, असे म्हणणे योग्य ठरेल. जमिनीवरील आणि विमानातील जीपीएस ग्राहक-यंत्रांच्या नोंदींची तुलना करून विमानाचा मार्ग सेंटिमीटरांच्या हिशेबात काढता येऊ लागला. त्या मार्गावरून विमानाचे स्वतःचे त्वरण गणिताने निघते, ते वजा केले की गुरुत्व उरते. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने १९९१ आणि १९९२ च्या उन्हाळ्यांत अख्ख्या ग्रीनलंडचे असे सर्वेक्षण केले. जेथे बर्फावरून पायी हिंडून मापन करण्यास पिढ्या लागल्या असत्या, तेथे दोन हंगामांत नकाशा हाती आला, हे या विद्येचे फार मोठे यश होय. पुढे २००७ मध्ये अमेरिकेने आपल्या भूमीच्या उंचीचा पाया गुरुत्वावर नव्याने बेतण्यासाठी हवाई मोहीम हाती घेतली. तिचा विशेष उपयोग किनारपट्टीवर झाला, कारण भूमापकांची नोंद जेथे संपते आणि उथळ पाण्यामुळे जहाजे जेथे पोहोचत नाहीत, तो पट्टा विमान एकाच उड्डाणात ओलांडते.