स्वीडनचें ‘लोकगृह’ आणि अमेरिकेची बाजारपेठ

[ नभोवाणीवरील भाषण ]

घरांत मूल जन्माला येतें, कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो, म्हाताऱ्या आईबापांचे हातपाय थकतात. या तीन प्रसंगांचा खर्च कोणीं सोसावयाचा ? पूर्वापार याचें उत्तर ‘घरच्यांनीं’ असें एकच होतें. परंतु युरोप-अमेरिकेंत यंत्रयुग आलें, माणसें शेतें सोडून कारखान्यांकडे गेलीं, आणि हें जुनें उत्तर पुरेनासें झालें. त्याच्या जागीं दोन नवीं उत्तरें पुढें आलीं. एक म्हणतें, सर्वांनीं भरपूर कर द्यावा आणि सरकारनें सर्वांची काळजी वाहावी. दुसरें म्हणतें, कर थोडा असावा, कमाई कमावणाराच्या हातीं राहूं द्यावी, आणि आपली तरतूद ज्यानें त्यानें करावी. पहिल्या पक्षाचें उदाहरण म्हणून स्वीडनकडे आणि दुसऱ्याचें म्हणून अमेरिकेकडे बोट दाखविण्याचा प्रघात आहे. प्रघात सोपा आहे. इतिहास मात्र तितका सोपा नाहीं.

स्वीडन हा देश मुळांत श्रीमंत नव्हता. १८६७ ते १८६९ या काळांत तेथें मोठा दुष्काळ पडला. १८५० ते १९३० या ऐशीं वर्षांत सुमारें बारा लाख लोक मातृभूमि सोडून गेले, आणि त्यांपैकीं बहुतेकांनीं अमेरिकेचीच वाट धरली. म्हणजे ज्या दोन देशांची आज आपण तुलना करतों, त्यांतील एकाचीं लेंकरें पोटासाठीं दुसऱ्याच्या दारीं गेलीं होतीं. हें दैन्य फिटलें तें सरकारी मदतीनें नव्हे. १८४२ सालीं प्रत्येक परगण्यांत प्राथमिक शाळा काढण्याचा कायदा झाला. १८४६ सालीं कारागिरांच्या जुन्या संघांची मक्तेदारी मोडली, आणि १८६४ सालीं वाटेल त्यानें वाटेल तो धंदा करावा अशी मोकळीक मिळाली. त्या मोकळ्या हवेंत कल्पक माणसें पुढें आलीं. आल्फ्रेड नोबेलनें १८६७ सालीं डायनामाइटचें पेटंट घेतलें. एरिक्सननें १८७६ सालीं आपला कारखाना काढला. गुस्ताफ द लावाल यानें दुधांतून साय निराळी करण्याचें यंत्र बाजारांत आणलें. त्या काळीं स्वीडनमधील करभार अगदींच हलका होता. तेव्हां पहिली गोष्ट ध्यानांत ठेवावयाची ती ही कीं, स्वीडननें आधीं मिळविलें आणि मग वांटलें.

वांटणीचा विचार ठळकपणें मांडला तो पेर अल्बिन हान्सन या मजूरपक्षीय पुढाऱ्यानें. १९२८ सालीं पार्लमेंटांत बोलतांना त्यानें राष्ट्राला घराची उपमा दिली. चांगल्या घरांत कोणी लाडका नसतो आणि कोणी दोडका नसतो. तसेंच राष्ट्र असावें, असा त्याचा आशय होता. ‘लोकगृह’ हा शब्द तेव्हांपासून रूढ झाला. १९३२ सालीं त्याचा पक्ष अधिकारावर आला आणि एका उन्हाळ्यांतील थोडे दिवस सोडले तर १९७६ पर्यंत तेथेंच राहिला. पण या पक्षानें कारखाने सरसकट सरकारजमा केले नाहींत. १९३८ सालीं सॉल्टशबाडन या गांवीं मालकसंघ व मजूरसंघ यांनीं समोरासमोर बसून करार केला, आणि संप व टाळेबंदी यांचे तंटे आपसांत मिटविण्याचे नियम घातले. आश्चर्य असें कीं, त्याच १९३८ सालीं अमेरिकेनें किमान मजुरीचा कायदा केला. स्वीडनमध्यें मात्र असा कायदा आजतागायत नाहीं. तेथें मजुरीचे दर संघ व मालकच ठरवितात. ज्याला आपण सरकारी म्हणतों तेथें हें काम दोघांच्या करारावर सोपविलें, आणि ज्याला मोकळा म्हणतों तेथें तें कायद्यानें झालें !

पुढें लोकगृहाच्या भिंती हळूहळू चढूं लागल्या. वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा १९१३ सालींच झाला होता. १९४८ पासून प्रत्येक मुलामागें भत्ता सुरू झाला. तो गरिबाच्या मुलाला आणि सावकाराच्या मुलाला सारखाच. १९५५ सालीं आजारपणाचा विमा सर्वांना लागू झाला. १९७४ सालीं मूल झाल्यावर आईबरोबर बापालाहि भरपगारी नव्हे, तरी बऱ्यापैकीं वेतनाची रजा मिळूं लागली. आज ती दोघांत मिळून एका मुलामागें ४८० दिवसांची आहे.

अमेरिकेनें दुसरा रस्ता धरला. १९३५ सालीं वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला खरा. परंतु आजारपणाची काळजी धन्याच्या हातीं गेली, आणि तीहि बऱ्याच अंशीं योगायोगानें. महायुद्धांत १९४२ सालीं सरकारनें पगारवाढीवर निर्बंध घातले. तेव्हां चांगलीं माणसें टिकविण्यासाठीं मालकांनीं पगाराऐवजीं आजारपणाचा विमा देऊं केला. युद्ध संपलें, चाल मात्र राहिली. त्यामुळें नोकरी गेली कीं विम्याचें छत्रहि जाण्याची धास्ती तेथील घराला पडते. १९६५ सालीं वृद्धांसाठीं व गरिबांसाठीं सरकारी योजना निघाल्या. बाळंतपणाच्या रजेचा देशव्यापी कायदा झाला तो १९९३ सालीं. ती रजा बारा आठवड्यांची, बिनपगारी, आणि लहान मालकांकडे काम करणारांना नाहीं.

आतां दोन्हीं तागडीं तोलून पाहूं. अमेरिकन माणसाची सरासरी मिळकत अधिक, आणि तिचा मोठा भाग त्याच्या खिशांत राहतो. राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारें चौथा हिस्सा तेथें करांत जातो. स्वीडनमध्यें हा हिस्सा दोन पंचमांशांहून अधिक आहे. उलट स्वीडनमधील आयुर्मान सुमारें ८३ वर्षांचें, अमेरिकेंतील त्याहून चार-पांच वर्षांनीं कमी. आणि बालमृत्यूचें प्रमाण अमेरिकेंत दुपटीहून जास्त. मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वीडनचें लोकगृह केवळ धनिकांच्या पैशावर उभें आहे, असें नाहीं. सामान्य कामगारहि आपल्या मिळकतीचा तिसरा हिस्सा स्थानिक करांत देतो, आणि बाजारांतील बहुतेक जिनसांवर शेंकडा २५ विक्रीचा कर भरतो. तेथें कर हा पुष्कळ अंशीं तरुणपणीं देऊन म्हातारपणीं परत घेण्याचा व्यवहार आहे. जो देतो तोच घेतो, म्हणून तो देण्यास कुरकुरत नाहीं.

पण कुरकुर करण्याची वेळहि आली. १९७६ सालीं जानेवारींत प्रसिद्ध चित्रपटकार इंगमार बर्गमन यांना नाटकाची तालीम चालू असतां कराच्या चौकशीसाठीं पोलिसांनीं उचलून नेलें. आरोप टिकला नाहीं. पण त्या मानी माणसानें देश सोडला. मार्च महिन्यांत मुलांच्या लाडक्या लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांनीं वर्तमानपत्रांत एक विनोदी गोष्ट लिहिली. तींतील लेखिकेला पुढच्या मिळकतीवर शेंकडा १०२ कर भरावा लागतो ! गोष्ट कल्पित, पण हिशेब स्वतः लिंडग्रेनबाईंचाच होता. त्या मजूरपक्षाच्याच अभिमानी; म्हणून त्यांचा बोल अधिक लागला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत चव्वेचाळीस वर्षांची सत्ता गेली.

यापेक्षां काळें पानहि आहे. १९३४ च्या आणि १९४१ च्या कायद्यांनीं स्वीडनमध्यें वंध्यीकरणाची सोय केली. १९७५ पर्यंत सुमारें ६३ हजार माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली. त्यांत बहुतेक स्त्रिया. कित्येकींची संमति दडपणाखालीं घेतलेली होती. अमेरिकेंतील तीसांहून अधिक संस्थानांतहि असेच कायदे होते. तेव्हां हें पाप एकट्या कररूपी राज्याच्या माथीं मारतां येत नाहीं. तरीहि जें घर सर्वांना पोसण्याची हमी घेतें, त्याच्या कारभाऱ्याला घरांत कोणीं जन्मावें हेंहि ठरविण्याचा मोह होतो, ही सूचना विसरतां कामा नये. १९९९ सालीं त्या सरकारनें जबरदस्ती झालेल्यांना नुकसानभरपाई देण्याचा कायदा केला. चूक कबूल करण्यास इतकीं वर्षें लागलीं.

पुढें १९९० नंतर मोठें अरिष्ट आलें. बँका डळमळल्या, बेकारी वाढली, आणि १९९२ च्या सप्टेंबरांत चलन सांवरण्यासाठीं मध्यवर्ती बँकेनें व्याजाचा दर शेंकडा ५०० पर्यंत चढविला. तरीहि चलन घसरलेंच. मात्र घर मोडण्याऐवजीं त्यांनीं घराची डागडुजी केली. १९९१ पासून कराचा वरचा दर बराच खालीं आणला होता. निवृत्तिवेतन देशाच्या ऐपतीशीं जोडलें. शाळा निवडण्याची मुभा पालकांना दिली. वारसाहक्कावरील व संपत्तीवरील कर कालांतरानें रद्द केले. डागडुजींत कांहीं बरें झालें, कांहींविषयीं तेथें अजून वाद आहे. पण मुलांचा भत्ता आणि आजाऱ्याचा आधार मात्र कोणत्याहि पक्षानें काढून घेतला नाहीं.

श्रोतेहो, या इतिहासाचें सार मला असें वाटतें : कर किती, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा कीं, देणाराला आपला पैसा कोठें जातो तें दिसतें काय, आणि कारभारी चुकला तर त्याला बदलतां येतें काय ?

याचा लहानसा अनुभव आपणांसहि आहे. १९६५ सालीं तासगांव तालुक्यांत वि. स. पागे यांच्या कल्पनेनें एक प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळांत त्याचा विस्तार होऊन रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून मागेल त्याला काम हा महाराष्ट्रांत कायदा झाला. तिच्या खर्चासाठीं १९७५ सालीं नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसायकर बसला. मी शाळामास्तर झालों तेव्हांपासून माझ्या तुटपुंज्या पगारांतूनहि तो कापला जाई, आणि शिक्षकांच्या खोलींत आम्ही सारे त्याबद्दल बोटें मोडीत असूं. पुढें एका अवर्षणाच्या वर्षीं माझ्या वर्गांतील एक मुलगा आठ दिवस आला नाहीं. घरीं गेलों, तों आई रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होती आणि हा धाकट्या भावंडाला सांभाळीत होता. ती म्हणाली, “गुरुजी, हें काम मिळालें म्हणून गांव सोडावा लागला नाहीं. सोमवारीं धाडतें त्याला.” सोमवारीं तो आला.

त्या महिन्यांतहि माझ्या पगारांतून तेवढेच रुपये कापले गेले. ते कोठें गेले, हें मात्र मला प्रथमच दिसलें.