लय, दुगुन आणि द्रुत: थोडा खुलासा

दोन मात्रांमध्ये सारखे राखलेले काळाचे अंतर म्हणजे लय. अंतर मोठे असेल तर विलंबित, कमी असेल तर द्रुत, आणि दोहोंच्या मधली ती मध्य लय. शिकवताना मध्य ही विलंबिताच्या दुप्पट आणि द्रुत ही मध्याच्या दुप्पट असे सांगतात. समजण्यापुरता हा हिशेब ठीक आहे. प्रत्यक्ष मैफलीत लय गायक ठरवतो, तबलजीला हाताने किंवा मानेने ती दाखवतो, आणि एकाची विलंबित ही दुसऱ्याची जवळजवळ मध्य लयही असू शकते. पाश्चात्त्य संगीतात मिनिटाला किती ठोके हा आकडा कागदावर लिहिता येतो. आपल्याकडे बंदिशीवर राग, ताल आणि फार तर 'विलंबित' एवढेच लिहिलेले असते.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो दुगुन आणि द्रुत यांच्यात. समजा, तीनताल मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत चालला आहे. 16 मात्रांचे आवर्तन 16 सेकंदांत पुरे होईल. टाळी-खाली देत बंदिशीची आवर्तनभराची ओळ याच लयीत म्हटली तर ती ठाय. आता टाळी तशीच ठेवून एका मात्रेत दोन मात्रांची अक्षरे बसवली की झाली दुगुन. ओळ 8 सेकंदांत संपते, तबल्याचे आवर्तन मात्र 16 सेकंदांचेच राहते. तिगुन, चौगुन यांचेही तसेच. दोन मात्रांत तीन अक्षरे बसवणारी आडही याच जातीची. हिला लयकारी म्हणतात. द्रुत लयीत खुद्द मात्राच जवळजवळ येतात, म्हणजे ठेकाच जलद होतो.

हा फरक ऐन वेळी न सुचल्याने आमच्या हातून एकदा अन्याय झाला आहे. मंडळाच्या मुलांच्या गायन स्पर्धेत एका मुलीने दुगुन सुरू केली, तसा साथीदारानेही तबला वाढवला. मुलगी आपली टाळी देत राहिली, तबला पुढे निघून गेला आणि दोघांची सम वेगवेगळी पडली. 'लय सुटली' असा शेरा मारून आम्ही तिचे गुण कापले. पुढे ध्वनिमुद्रण घड्याळ लावून ऐकले, तेव्हा तिची टाळी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी निघाली. तोवर बक्षिसे वाटून झाली होती. तिच्या आईला फोन करून चूक कबूल केली, पण मुलगी पुढच्या वर्षी आली नाही. तेव्हापासून दुगुनीच्या वेळी लय न वाढवण्याची सूचना आम्ही साथीदाराला आधीच देतो.

विलंबित किती विलंबित असावी, याची दोन वेगळी उत्तरे आपल्याच मध्य प्रदेशात मिळतात. ग्वाल्हेर घराण्याचा बडा ख्याल बहुधा फार संथ नसतो. तिलवाड्याची मात्रा 2 सेकंदांची धरली तर 16 मात्रा 32 सेकंदांत होतात. तेवढ्यात बंदिशीचे शब्द तुटत नाहीत, स्थायी-अंतरा सलग ऐकू येतो. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली ती हीच गायकी, आणि कृष्णराव शंकर पंडितांनी ग्वाल्हेरात राहून जपली तीही हीच. उलट आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ अतिविलंबितात गात. झूमरा हा त्यांचा आवडता ताल. त्याची मात्रा 4 सेकंदांची धरली, तर 14 मात्रांचे आवर्तन 56 सेकंदांचे झाले! तिथे शब्दापेक्षा स्वराला जागा मिळते. तबल्याकडून त्यांना साधा, स्वच्छ ठेका हवा असे. मधल्या मोकळ्या जागेत गाणे चाले. आम्हाला स्वतःला ग्वाल्हेरची चाल अधिक मानवते, पण मारवा ऐकायचा तर खाँसाहेबांचाच.

विलंबितात सम कुठे येणार ते कळत नाही म्हणून बरेच जण कंटाळतात. विलंबित एकतालापुरती एक खूण सांगतो. ठेका असा: धिं धिं धागे तिरकिट, तू ना कत् ता, धागे तिरकिट धी ना. बारा मात्रांत 'तिरकिट' दोनदा येते, चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर. तबल्यावर ते सहज ओळखू येते. त्यानंतर 'तू ना' वाजले तर अजून निम्म्याहून जास्त आवर्तन बाकी आहे, निवांत बसावे. 'धी ना' वाजले की पुढची मात्रा समेची. पहिली चार-पाच आवर्तने गायकाकडे फारसे लक्ष न देता फक्त डग्गा-तबला ऐकावा आणि बोटांवर मोजावे. ठेका कानात बसला की मग गाण्याकडे वळावे.