पोथीचे अक्षर आणि सुरतेचे भीमजी पारेख

मठमंदिरांतून पोथी केवळ वाचली जात नाही, तिची पूजाही होते. पश्चिम भारतातील कल्पसूत्राच्या जुन्या पोथ्या पाहाव्या: तांबड्या वा निळ्या भूमीवर सोन्याच्या शाईने रेखलेली ठसठशीत अक्षरे आणि कडेला वेलबुट्टी. हे अक्षर छापयंत्राच्या स्वाधीन करावे, अशी इच्छा धरणाऱ्या हिंदू गृहस्थांत ज्यांचे नाव अग्रभागी येते, ते सुरतेचे एक वैष्णव वाणी होते.

भीमजी पारेख हे इंग्रज कंपनीचे दलाल. काझीच्या जुलमाला व सक्तीच्या धर्मांतराला त्रासून 1669 साली सुमारे आठ हजार वाणी सुरत सोडून भडोचेस गेले, त्यांच्या पुढाऱ्यांत ते होते. लगेच 1670 साली, ब्राह्मणांचे प्राचीन ग्रंथ छापण्यासाठी विलायतेहून मुद्रक आणवावा, अशी विनंती त्यांनी कंपनीस केली. या दोन गोष्टी लागोपाठ घडल्या, हा मला केवळ योगायोग वाटत नाही.

1674 साली हेन्री हिल्स हा मुद्रक यंत्र, खिळे व कागद यांसह मुंबईस आला. परंतु त्यास छापणे येई, अक्षर कोरणे येत नसे. आणि खरी मेख तेथेच होती. रोमन अक्षरे थोडी व सुटी. आपल्या लिपीस काना, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे मिळून शेकडो ठसे हवेत, तेही प्रत्येक उलटा कोरलेला. भीमजींनी मग आपलीच माणसे कामास लावली. त्यांनी ‘बनिया’ अक्षरांत छापलेले कागद पाहून, ते सुबक व सुवाच्य असल्याचे सुरतेच्या इंग्रजांनी 1676 च्या सुमारास लंडनला कळविले; खर्चाची व दिरंगाईची कुरकुर मात्र केलीच. लाकडी ठशांनी कापडावर फुले उठविणाऱ्या गुजरातेत उलटे कोरणारे हात दुर्मिळ थोडेच होते! तथापि भीमजींचा ग्रंथ काही छापून निघाला नाही.

खिळ्यांची अडचण टाळणारी दुसरी एक वाट होती. युरोपात पंधराव्या शतकात हस्तलिखिताचे वळण राखून अख्खे पानच लाकडी फळीत कोरीत. अक्षर उंच ठेवून भोवतीची भूमी खोदून काढीत. आपल्याकडे ही अखंड पानाची रीत तांब्यावर फळास आली. पुण्यात नाना फडणवीसांनी एका कारागिराकडून गीता छापविण्याचे योजिले होते, असे सांगतात. नाना 1800 साली निवर्तले. त्या कारागिरास मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी आश्रय दिला, आणि 1805 साली ताम्रपटांवरून गीता छापून निघाली. तिच्या पानांवर लेखनिकाच्या बोरूचे वळण जसेच्या तसे उतरले आहे.