ज्येष्ठ नागरिक साहाय्य सेवा (खांदा कॉलनी, पनवेल)

खांदा कॉलनी ही सिडकोने नवीन पनवेलच्या पश्चिमेस वसवलेली वसाहत. ती रायगड जिल्ह्यात, 2016 मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. खांदेश्वर हे जवळचे स्थानक. मुंबईत घर परवडत नाही म्हणून नोकरदार कुटुंबे सिडकोच्या अशा वसाहतींत आली, तेव्हा ती तरुण होती. त्यांतले अनेक घरमालक आता साठी-सत्तरीचे आहेत आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसरा-तिसरा मजला चढणे त्यांना जड जाते. 2011 च्या जनगणनेतच महाराष्ट्रातील साठीपुढच्या लोकांचे प्रमाण सुमारे 10 टक्के होते.

निवृत्तिवेतनाची मुख्य राज्य योजना श्रावणबाळ. अर्ज तहसील कार्यालयात, सोबत उत्पन्नाचा दाखला, वय किमान 65 आणि रक्कम दरमहा 1,500 रुपये. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा मात्र 21,000 रुपये. कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराला कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची (ईपीएस-95) महिना 2,000 रुपये पेन्शन मिळत असली, तर वर्षाचे 24,000 होतात आणि घरात दुसरा पैसा येत नसला तरी तो अपात्र ठरतो. मागणी वाढत असताना ही मर्यादा तिथेच ठेवणे म्हणजे गरजूंना दारातूनच परत पाठवणे होय. केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेतील 60 ते 79 वयोगटाचा वाटाही गेली पंधराहून अधिक वर्षे 200 रुपयेच आहे.

2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये मिळतात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारतचे वार्षिक 5 लाखांचे संरक्षण आहे. मध्यमवर्गीय वसाहतीला खरा उपयोग होतो तो याच योजनेचा. पण ती रुग्णालयात दाखल झाल्यावरची आहे.

घरी परतल्यावर अंघोळ कोणी घालायची, डायपर कोणी बदलायचा, रात्री उठवून बाथरूमला कोणी न्यायचे? ही कामे सुनेवर, लेकीवर किंवा म्हाताऱ्या जोडीदारावर पडतात. ऐपत असेल तर शुश्रूषेसाठी ब्युरोची बाई ठेवली जाते. वरच्या कोणत्याही योजनेत या कामाला माणूस मिळत नाही आणि सगळ्यांत मोठी उणीव हीच आहे. जपानने 2000 मध्ये यासाठी स्वतंत्र शुश्रूषा विमा सुरू केला. केरळने 2008 च्या उपशामक सेवा धोरणानुसार स्थानिक संस्थांमार्फत परिचारिका घरोघरी पाठवल्या. पनवेल महापालिकेने केरळची वाट धरावी. आरोग्य केंद्रांतून अंथरुणाला खिळलेल्यांची प्रभागवार नोंद करून सुरुवात करता येईल.

मुले सांभाळत नसतील, तर 2007 च्या निर्वाह कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. माहिती आणि मदतीसाठी एल्डरलाइन या ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा निःशुल्क क्रमांक 14567 आहे.