रिकाम्या आसनाचा लिलाव

मुंबईहून लंडनला निघालेले एखादे विमान डोळ्यांपुढे आणा. मागील भागात प्रवासी दाटीवाटीने बसले आहेत. पुढे, पडद्यापलीकडे, पाय पसरून निजता येईल अशी पाच-सहा आसने रिकामी आहेत. एकदा विमान उडाले की त्या आसनांचे मोल शून्य. आपला भाजीवाला सायंकाळी उरलेली मेथी मिळेल त्या दराने देऊन टाकतो. मग विमान कंपनी ती आसने तशीच का राहू देते? आणि देतेच, तर ती कोणास देते? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु त्याचा इतिहास पावणेदोनशे वर्षांचा असून तो आगगाडीपासून सुरू होतो.

फ्रान्समध्ये झ्यूल द्यूपुई नावाचे एक स्थापत्यशास्त्रज्ञ होऊन गेले. त्या काळी तिकडील कित्येक आगगाड्यांच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांस छप्परच नसे. ऊन, पाऊस, इंजिनाची राख, सारे उतारूंच्या डोक्यावर. लोक म्हणत, कंपनी कृपण आहे. द्यूपुई यांनी १८४९ साली निराळेच उत्तर दिले. छपराचा खर्च तो केवढा! खरी अडचण अशी की, छप्पर घातले तर दुसऱ्या वर्गाचे भाडे देण्याची ऐपत असलेला मनुष्यही तिसऱ्यातच बसेल. गरिबास भिजविण्यात कंपनीस कसलाच आनंद नव्हता. सधनास भिवविण्यासाठी ती गरिबास भिजवीत होती. आपल्याकडील रेल्वेचा तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला. त्याच्या लाकडी बाकांवर मी लहानपणी पुष्कळ बसलो आहे, आणि ती बाके इतकी कठीण का, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही.

विमानांत ही वर्गव्यवस्था उशिरा आली. अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या विमानांत १९५२ सालच्या मे महिन्यापासून स्वस्त ‘टूरिस्ट’ भाडे सुरू झाले, १९५८ साली ‘इकॉनॉमी’ आले आणि त्या दोहोंच्या वरचा ‘बिझनेस’ वर्ग १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निघाला. वर्ग वाढले तसे कोणते आसन कोणासाठी राखावे हे कोडेही वाढले.

ते कोडे १९७२ साली ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशन या कंपनीतील केनेथ लिटलवुड या गृहस्थांनी एका नियमात बसविले. त्यांचा विचार स्वस्त व पूर्ण भाड्याच्या तिकिटांपुरता होता. पण तोच पुढील वर्गासही लागू पडतो. मी आयुष्यभर मुलांस त्रैराशिके शिकविली, तेव्हा ते हिशेब करूनच सांगतो. समजा, पुढील आसनाबद्दल जास्तीचे ४०,००० रुपये मिळावयाचे आहेत आणि मागील भागातला एक प्रवासी आज १२,००० देऊ करीत आहे. बारास चाळिसाने भागिले म्हणजे दहांत तीन. पूर्ण पैसे देणारा गिऱ्हाईक अखेरच्या दिवशी येण्याचा संभव दहांत तीनांहून अधिक असेल, तर बारा हजार नाकारावे. कमी असेल, तर घ्यावे. अर्थात प्रवाशास मिळालेला नकार हा त्याच्या योग्यतेवर दिलेला निकाल नसतो. अद्याप न आलेल्या, कदाचित कधीच न येणाऱ्या एका परक्या माणसासाठी ती जागा राखलेली असते.

आता याच्या उलट प्रसंग पाहा. तिकीट काढूनही न येणारे प्रवासी पुष्कळ, म्हणून कंपन्या आसनांहून अधिक तिकिटे विकतात. सर्वच आले म्हणजे कोणास तरी मागे ठेवणे प्राप्त होते. कोणास ठेवावे, हे पूर्वी कंपनीचे लोकच ठरवीत. १९६८ साली ज्युलियन सायमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एक साधी युक्ती सुचविली. प्रत्येक उतारूस एक लिफाफा व एक कागद द्यावा. किती रक्कम मिळाल्यास मी पुढच्या विमानाने जाईन, ते ज्याने त्याने लिहावे. सर्वांत कमी आकडा लिहिणाऱ्यास ती रक्कम देऊन थांबवावे. ज्यास घाई आहे तो जाईल, ज्यास नाही तो पैसे घेऊन राहील. सायमन यांनी कंपन्यांस पत्रे लिहिली. कंपन्यांनी ही गोष्ट अव्यवहार्य ठरविली.

पुढे १९७२ साली रॅल्फ नेडर या ग्राहकांच्या प्रसिद्ध कैवाऱ्यासच ॲलेगेनी एअरलाइन्सने तिकीट असूनही विमानात घेतले नाही. त्यांनी दावा लावला. १९७६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जादा तिकिटे विकल्याचे लपविणे ही फसवणूक आहे असे म्हणणाऱ्या प्रवाशास न्यायालयाचे दार बंद नाही. त्यानंतर आल्फ्रेड कान हे अर्थशास्त्रज्ञ विमान मंडळाचे अध्यक्ष असताना, १९७८ साली, नियम झाला की आधी स्वेच्छेने थांबणारे शोधावे. सायमन यांचा विजय झाला. मात्र पुरता झाला नाही. २०१७ सालच्या एप्रिलात शिकागो येथे युनायटेड कंपनीला आपल्या कर्मचाऱ्यांसाठी चार आसने हवी होती. ८०० डॉलरपर्यंत बोली चढली, कोणी उठेना. तेव्हा नावे निवडण्यात आली आणि एका वयोवृद्ध डॉक्टरास फरफटत बाहेर काढण्यात आले. लिलाव आणखी थोडा चालविला असता, तर कोणी तरी आपण होऊन उठले असते. पुढे त्या कंपनीने ही मर्यादा १०,००० डॉलरांपर्यंत वाढविली.

गंमत अशी की, ज्या लिफाफ्यास कंपन्या हसल्या, तोच त्यांनी पुढे आपल्या सोयीसाठी उचलला. २००९ साली कॅनडातील माँट्रिआल येथे प्लसग्रेड नावाचा उद्योग निघाला आणि अनेक कंपन्यांसाठी त्याने पुढील आसनांच्या बोलीची व्यवस्था उभी केली. सायमन यांच्या कागदावर प्रवासी आपल्याला किती हवे ते लिहीत होता. या कागदावर तो आपण किती देऊ ते लिहितो. पैशाचा ओघ उलटा फिरला.

रीत साधारणतः अशी असते. प्रयाणापूर्वी काही दिवस तिकीटधारकास निमंत्रण येते. किमान रकमेच्या खाली बोली चालत नाही. उड्डाणास दोन-तीन दिवस उरले म्हणजे, कधी काही तास आधी, निकाल लागतो. बोली नाकारली तर पैसे जात नाहीत, स्वीकारली तर परत मिळत नाहीत. रकमेचा आकडा मोठा हे मुख्य खरे, पण तेवढेच नव्हे. एकाच तिकिटावर चौघे असतील तर चार आसने एकदम हवीत, आणि तीनच उरली असतील तर एकट्याची लहान बोली त्यांच्या पुढे जाते. काही कंपन्या नेहमीच्या प्रवाशास झुकते माप देतात. मागील भागात जादा तिकिटे विकली गेली असतील, तर पुढे सरकलेल्या माणसाची मोकळी झालेली जागाही उपयोगी पडते. अशा वेळी कित्येकांस, बहुधा नेहमीच्या प्रवाशांस, फुकटच वर बसविले जाते. नेमके सूत्र मात्र कंपन्या सांगत नाहीत.

आणखी एक बारकावा आहे. जिंकणारा येथे आपली स्वतःची बोली भरतो. विल्यम विक्रे यांनी १९६१ साली दाखवून दिले होते की, जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची रक्कम भरावी असा नियम केला तर प्रत्येकास मनातला खरा आकडा लिहिणेच हिताचे ठरते. विक्रे यांना १९९६ साली नोबेल पारितोषिक जाहीर झाले व तीनच दिवसांनी ते वारले. विमानाच्या बोलीत त्यांचा नियम नाही. म्हणून प्रवासी शेजाऱ्याच्या मनातला आकडा ताडीत बसतो आणि पुष्कळदा लागते त्याहून अधिक देऊन बसतो.

आपल्या रेल्वेने हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडविला आहे. २००६ सालापासून, आरक्षणाचा तक्ता तयार होताना वरच्या वर्गात जागा उरल्या तर खालच्या वर्गातील पूर्ण भाडे भरलेल्या उतारूंपैकी काहींस संगणक निवडतो व जादा पैसे न घेता तेथे बसवितो. त्यांच्या सुटलेल्या जागा प्रतीक्षायादीतील लोकांस मिळतात. रेल्वेस हे परवडते, कारण खाली रांगेत माणसे उभी असतात. विमान कंपनीस भीती द्यूपुई यांच्या आगगाडीवाल्यांचीच आहे: पुढची जागा फुकट मिळू लागली, तर तिचे पैसे कोण भरील? पण तक्ता लागल्यावर आपले नाव वातानुकूलित डब्यात गेलेले पाहून स्लीपरमधला एखादा उतारू बावरून दुसऱ्यांदा तक्ता वाचतो, तेव्हा त्याने त्यासाठी कोणताही लिफाफा भरलेला नसतो.